विश्लेषण : गोंगाट की संगीत? पनवेल लोकलच्या एका फेरीत दोन अल्बम… ‘एक्सपरिमेंटल’, ‘इंडस्ट्रियल’, ‘सायकेडेलिक’ ऐकायचे कसे?

पनवेलहून सुटणारी हार्बर मार्गाची लोकल सीएसएमटीला पोहोचायला साधारण ८० मिनिटे घेते. जुन्या एलपी तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटांच्या आसपास भरतात. म्हणजे खिडकीजवळची जागा मिळाली, तर एका फेरीत दोन पूर्ण अल्बम ऐकून होतात. पण मोबाइलवर गाणी ऐकणारे बहुतेक जण यादीतले पुढचे, मग त्यापुढचे गाणे असे करत जातात. काही संगीत मात्र असे ऐकून कळतच नाही. एक्सपरिमेंटल, इंडस्ट्रियल आणि सायकेडेलिक या नावांनी ओळखले जाणारे अल्बम त्यातलेच. पहिल्या दोन मिनिटांत ते गोंगाटासारखे वाटतात. हे संगीत आले कुठून, त्याचा मुंबईशी आणि मिरजेशी काय संबंध, आणि ते वेळीच न ऐकल्याने आपण काय गमावले, याविषयी…

पनवेलकरांच्या कानावर काय पडते?

पनवेल हे जंक्शन आहे. कोकण रेल्वेच्या गाड्या, दिवा मार्गावरची वाहतूक आणि हार्बरच्या लोकल इथे एकत्र येतात. जवळच कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. तिथे पत्रे, सळया आणि गर्डर यांची चढउतार सुरू असते. पलीकडे तळोजा औद्योगिक वसाहत आहे. उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर आणि द्रुतगती मार्गाची रहदारी आहेच. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवण्यात आली, तेव्हा त्या स्फोटांचे आवाज आसपासच्या गावांनी वर्षानुवर्षे ऐकले. डिसेंबर २०२५मध्ये तिथून विमाने उडू लागली. लग्नसराईत हळदीच्या रात्रीचा डीजे असतो तो वेगळाच.

हे सगळे आवाज कानावर पडतात, पण ते ‘ऐकले’ जात नाहीत. उलट, ते टाळण्यासाठी कानात इअरफोन घातले जातात. नेमके हेच आवाज उचलून त्यांचे संगीत करावे, असे काही जणांना वाटले आणि विसाव्या शतकात संगीताची एक वेगळी वाट सुरू झाली. तिची सुरुवात, योगायोगाने, रेल्वे स्थानकातच झाली.

‘एक्सपरिमेंटल’ म्हणजे नेमके काय?

यंत्रांचे आवाज हेही संगीताचे साहित्य होऊ शकते, असे इटलीतील चित्रकार लुइजी रुसोलो याने १९१३मध्ये एका जाहीरनाम्यात मांडले. त्याने निरनिराळे आवाज काढणारी पेटीवजा वाद्येही बनवली. पण त्या काळात आवाज साठवून, कापून, पुन्हा जोडण्याची सोय नव्हती.

ती सोय आल्यावर, १९४८मध्ये फ्रेंच रेडिओत काम करणारे पिएर शेफर यांनी पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात इंजिनांचे, चाकांचे आणि शिट्ट्यांचे आवाज मुद्रित केले. त्यांचे तुकडे मागेपुढे लावून, काही पुन्हा पुन्हा वाजवून त्यांनी तीनेक मिनिटांची रचना तयार केली. त्याच वर्षी ती रेडिओवर प्रसारित झाली. गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला की तो ‘गाडी आली’ एवढेच सांगतो. तोच तुकडा पाचव्यांदा ऐकला की त्यातली लय, त्यातला खरखरीत किंवा टोकदार पोत ऐकू येतो. शेफर यांच्या कामाचे मर्म हेच होते. एकाच तुकड्याच्या पुनरावृत्तीवर उभे असलेले आजचे कितीतरी संगीत या वाटेने आले आहे.

योगायोग असा, की अमेरिकेत एलपी तबकडी बाजारात आली तीही १९४८मध्येच. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. एलपीने एका बाजूला वीस मिनिटे दिली. गाणी एकापाठोपाठ भरण्याऐवजी संपूर्ण बाजू ही एकच रचना म्हणून विचारात घेणे त्यामुळे शक्य झाले. या अर्थाने अल्बम हा नुसता गाण्यांचा संच नाही, तर तो ऐकण्याचा एक कालावधी आहे.

‘इंडस्ट्रियल’ संगीतात कारखाना कुठून आला?

इंडस्ट्रियल हे नाव लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटामुळे रूढ झाले. या गटाने १९७६मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९७७मध्ये ‘द सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ हा अल्बम आणला. नाव एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालासारखे आणि आवाज यंत्रांच्या घरघरीसारखा. त्या काळात ब्रिटनमधील कारखाने बंद पडत होते. पोलाद उद्योगाचे शहर असलेल्या शेफिल्डमध्ये ‘कॅबरे व्होल्तेर’ हा गट टेप आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर असेच प्रयोग करत होता.

बर्लिनमध्ये १९८०मध्ये ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ हा गट सुरू झाला. नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. वाद्ये विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी पत्रे, भंगार आणि ड्रिल मशीन वाजवले. त्यांचे एक सुरुवातीचे ध्वनिमुद्रण महामार्गाच्या पुलाच्या पोकळीत झाले. ‘कोलाप्स’ हा त्यांचा १९८१चा अल्बम ऐकताना कळंबोलीच्या बाजारात ट्रक रिकामा होतानाचा आवाज आठवला तर नवल नाही.

इथे एक सूचना आवश्यक आहे. इंडस्ट्रियल संगीतातील काही गट हिंसा आणि क्रौर्याचे विषय मुद्दाम वापरतात. श्रोत्याला अस्वस्थ करणे हाच त्यांचा उद्देश असतो. सर्वांना, विशेषतः लहान मुलांना, ते सोसवेल असे नाही. आवडले नाही तर बंद करणे हा ऐकण्याचाच भाग आहे.

‘सायकेडेलिक’चे मुंबईशी काय नाते?

सायकेडेलिक हा शब्द १९५०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑझ्मंड यांनी घडवला. त्याचा अर्थ साधारण ‘मन उलगडून दाखवणारे’ असा. अमली पदार्थांच्या संदर्भात जन्मलेला हा शब्द १९६०च्या दशकात संगीताला चिकटला. पण हे संगीत ऐकायला कोणत्याही नशेची गरज नाही. लांबत जाणारे स्वर, उलटी फिरवलेली टेप, घुमणारे आवाज आणि वेळेचे भान हरवायला लावणारी पुनरावृत्ती ही त्याची साधने आहेत.

बीटल्सच्या १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचे शेवटचे गाणे एकाच खर्जाच्या घुमाऱ्यावर उभे आहे आणि त्यात तंबोरा वाजतो. त्यानंतर, जानेवारी १९६८मध्ये, जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला. फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने शिवकुमार शर्मा, आशिष खान अशा वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. ‘वंडरवॉल म्युझिक’ या नावाने ते त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. स्टुडिओ पुरता ध्वनिरोधक नव्हता आणि रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज आत येई, अशी आठवण हॅरिसनने नंतर सांगितली होती. पनवेलची लोकल जिथे संपते, त्या सीएसएमटीहून फोर्टचा हा भाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मुंबईतही इलेक्ट्रिक गिटार घेतलेले गट उभे राहत होते. ‘सिमला’ या सिगारेटच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेतील गटांच्या गाण्यांच्या तबकड्या १९७० आणि १९७१मध्ये निघाल्या. आनंद शंकर यांनी १९७०च्या अल्बममध्ये सतार आणि मूग सिंथेसायझर एकत्र आणले. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ हा मुंबईचा गट याच दशकातला.

मिरजेचा तंबोरा न्यूयॉर्कला कसा पोहोचला?

या संगीताचा महाराष्ट्राशी सर्वांत खोल संबंध आहे तो किराणा घराण्यातून. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवापर्यंत येणारी ही परंपरा मराठी वाचकाला पाठ आहे.

त्याच घराण्याची दुसरी फांदी म्हणजे उस्ताद अब्दुल वहीद खाँ. एकेका स्वरावर दीर्घकाळ थांबणाऱ्या, अतिविलंबित गायकीसाठी ते ओळखले जात. त्यांचे शिष्य पंडित प्राण नाथ १९७०मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार त्यांचे शिष्य झाले. एकच स्वर तासन् तास टिकवून त्यातील सूक्ष्म बदल ऐकणे, हा यंग यांचा ध्यास आधीपासूनच होता. प्राण नाथ यांच्या तालमीने त्याला पाया मिळाला. आज ‘ड्रोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकारात या गुरुशिष्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

तंबोऱ्याची जवारी हे याचे उत्तम उदाहरण. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून कारागीर तार घोडीला हलकेच घासेल अशी बसवतो. त्यातून जो झणत्कार निघतो, त्यात मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमटतात. नीट लावलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. म्हणजे स्वच्छ, गुळगुळीत आवाजात मुद्दाम थोडी खरखर मिसळून तो अधिक समृद्ध करण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बैठकीच्या आधी तंबोरे लागत असताना शांत बसणारा रसिक हे ‘ड्रोन’ संगीत नकळत ऐकतच आला आहे.

चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये काय केले?

मुंबईत जन्मलेले चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड वाजवत. चित्रपटांच्या पडद्यावर त्यांचे नाव झळकत नसे. त्यांच्याकडे जपानच्या ‘रोलँड’ कंपनीची तीन उपकरणे होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे छोटे यंत्र. एकट्या वादकाला सोबत म्हणून बेस गिटारचा आवाज मिळावा यासाठी टीबी-३०३ बनवले गेले होते.

डिस्कोची लाट होती. चरणजित सिंग यांनी यंत्रांवर ठेका लावला आणि त्यावर राग वाजवले. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने एचएमव्हीने तबकडी काढली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती वापरल्याने यंत्रातून मिंडेसारखा परिणाम निघाला.

तबकडी फारशी खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने तेच टीबी-३०३ वापरून ‘ॲसिड ट्रॅक्स’ आणले आणि ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. तोवर ते यंत्र बंद पडून जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले होते.

मग ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला का? तसे म्हणणे घाईचे होईल. शिकागोच्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. चरणजित सिंगही नृत्याचा नवा प्रकार घडवायला निघाले नव्हते. एकाच यंत्रातून दोन शहरांत दोन वेगळ्या गरजांपोटी सारखा आवाज निघाला, एवढे मात्र खरे. फरक पडला तो पुढे. शिकागोला ऐकणारे भेटले, मुंबईला भेटले नाहीत.

हे संगीत पुन्हा सापडले कुणाला?

एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२मध्ये दिल्लीत ही तबकडी मिळाली. त्यांनी चरणजित सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१०मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. मूळ प्रकाशनानंतर तब्बल २८ वर्षांनी. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग तीच यंत्रे घेऊन युरोपातील मंचांवर वाजवायला गेले. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांतच त्यांना या कामाचे श्रोते लाभले.

हे एकमेव उदाहरण नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये मूग सिंथेसायझर आला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२पर्यंत त्यावर रचना केल्या. नंतर त्या टेप संस्थेतच पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना त्या २०१७मध्ये आढळल्या आणि २०२३मध्ये त्यांतील निवडक रचनांचा अल्बम निघाला. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची गाणी २०११मध्ये पुन्हा प्रसिद्ध केली ती अमेरिकी कंपनीने.

तिन्ही वेळा शोध बाहेरच्यांनी लावला. आपल्याकडे संग्राहक नाहीत असे नाही. मुंबईत १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या तबकड्यांचा इतिहास लिहिला. पण त्या परंपरेचा भर मुख्यतः ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायन यांवर राहिला. कोणत्याच खान्यात न बसणारे ध्वनिमुद्रण राग ऐकणाऱ्याला थिल्लर वाटले आणि डिस्को ऐकणाऱ्याला अवघड. ते कुणीच जपले नाही.

पूर्ण अल्बमच का ऐकावा?

या प्रकारच्या संगीतात बदल हळू होतो. टेरी रायली यांच्या १९६९च्या ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’मध्ये दोन बाजूंना मिळून दोनच रचना आहेत. पहिल्या तीस सेकंदांवरून तिचा अंदाज घेणे म्हणजे आलापाचा पहिला षड्ज ऐकून उठून जाण्यासारखे आहे. त्यात मोबाइल ॲपमधील ‘शफल’ची सोय क्रम मोडते. दोन रचनांना जोडणारे आवाज मधेच तुटतात.

सुरुवात करणाऱ्यांसाठी गाडीचाच धागा धरता येईल. शेफर यांची १९४८ची तीन मिनिटांची रेल्वे-रचना आधी ऐकावी. मग ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन गटाचा १९७७चा ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’, ज्यात रुळांची लय सिंथेसायझरवर येते. त्यानंतर स्टीव्ह राइश यांची १९८८ची ‘डिफरंट ट्रेन्स’. तिच्यात माणसांच्या बोलण्याचे तुकडे आणि तंतुवाद्ये एकत्र येतात आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची आठवण जागते. सायकेडेलिक अंगाने जायचे तर ‘पिंक फ्लॉइड’चा १९६७चा पहिला अल्बम आहे. विमानतळाच्या शेजारी राहायला आलेल्यांनी ब्रायन ईनो यांचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ऐकून पाहावा. विमानतळावरच्या वाट पाहण्याला साजेसे संगीत हवे, या विचारातून तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस घडला. चरणजित सिंग यांचे दहा राग शेवटी ठेवावेत. यमन किंवा भूप ओळखीचा असल्याने यंत्र काय वेगळे करते, ते मराठी कानाला चटकन कळते.

पहिल्यांदा ऐकताना आवडते का, हा प्रश्न बाजूला ठेवलेला बरा. त्याऐवजी काय बदलते आहे, याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मत बनवावे. वाशीच्या खाडीपुलावर गाडी आली की चाकांचा आवाज बदलतो, हे रोजच्या प्रवाशाला डोळे मिटूनही कळते. ऐकण्याचे हे कसब अंगात असतेच. अल्बममध्ये तेच वापरायचे असते.

आवाज किती मोठा ठेवावा?

लोकलमध्ये मुळातच मोठा आवाज असतो. त्याच्या वर संगीत ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो आणि धोका तिथेच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावे. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. पातळी दर तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते.

पनवेल ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन, आठवड्याचे सहा दिवस, असा हिशेब केला तर प्रवासातच १६ तास होतात. ८० डेसिबलला ते मर्यादेत बसतात. ८६ डेसिबलला मात्र मर्यादा १० तासांवर येते, म्हणजे शनिवार उजाडण्याआधीच ती संपते. ९० डेसिबलच्या आसपास ती जेमतेम चार तास उरते. आतल्या कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उपाय सोपे आहेत. कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन वापरल्यास आवाज वाढवावा लागत नाही. बहुतेक मोबाइलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवता येते. उतरल्यावर कानात शीळ वाजत राहिली किंवा समोरच्याचे बोलणे दबके वाटले, तर आवाज जास्त झाला असे समजावे आणि हे वारंवार होत असेल तर तपासणी करून घ्यावी. फलाटावर आणि रूळ ओलांडताना मात्र इअरफोन काढलेलेच हवेत. इंडस्ट्रियल संगीत मोठ्या आवाजातच ऐकायचे, हा गैरसमज आहे. त्यातले थर हळू आवाजात उलट अधिक स्पष्ट होतात.

घरातल्या जुन्या कॅसेटचे काय करावे?

चुंबकीय टेप कायम टिकत नाही. टेपवरचा लेप दमट हवेत चिकट होतो, बुरशी धरते आणि तशी टेप वाजवली तर लेपच खरवडून निघतो. कोकणपट्टीच्या हवेत हे अधिक लवकर घडते. अहमदाबादच्या टेप वेळेत हाती आल्या म्हणून वाचल्या. दहा-वीस वर्षे आणखी गेली असती तर त्यांतले काय उरले असते, हे सांगणे कठीण आहे.

पनवेल परिसरातल्या अनेक घरांत माळ्यावर कॅसेटचे खोके असेल. त्यात कुणा काकांच्या ऑर्केस्ट्राची तालीम असेल, कॉलेजच्या बँडचे ध्वनिमुद्रण असेल किंवा कुणी कीबोर्डवर केलेले प्रयोग असतील. विकत घेतलेल्या चित्रपटगीतांच्या कॅसेटची प्रत कुठे ना कुठे सापडते. घरी मुद्रित केलेल्या टेपची प्रत दुसरीकडे नसते. त्यामुळे आधी तीच बाजूला काढावी. खोकी कोरड्या जागी, उभी आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावीत. वर नाव, गाव आणि वर्ष लिहावे. बुरशी दिसल्यास घरच्या टेपरेकॉर्डरवर न लावता जाणकाराकडे द्यावी. उरलेल्यांचे संगणकावर रूपांतर करून दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात.

प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट भारतात प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. म्हणजे १९८२ची तबकडी २०४२अखेरपर्यंत संरक्षित आहे. ती परवानगीविना इंटरनेटवर टाकता येत नाही. घरच्या टेपमध्ये गायलेल्या-वाजवलेल्यांची संमती घेऊन मगच त्या इतरांपर्यंत न्याव्यात.

चरणजित सिंग यांच्या अल्बमला श्रोते मिळायला २८ वर्षे लागली, कारण पहिल्या ऐकण्यात तो कुणाला कळला नाही आणि दुसऱ्यांदा कुणी ऐकला नाही. माळ्यावरच्या खोक्यात असे दुसरे काही असेलच असे नाही. पण आहे की नाही, हे ठरवायला ते आधी पूर्ण ऐकावे लागेल. पनवेलहून सीएसएमटीला जाईपर्यंत तेवढा वेळ मिळतो.